गळती कोठे, ओल कोठे?

पावसाळ्यात जुन्या मोटारीच्या तळाला ओल आली की पुष्कळ जण काय करतात? ओलीजवळची फट शोधतात आणि तीत सीलंट भरतात. पुढच्या पावसात पाणी पुन्हा हजर! आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, अशातलाच हा प्रकार. पाणी जेथे साचते तेथूनच ते आत शिरलेले असते, असे मुळीच नाही. हे असे का होते, ते पाहू.

प्रथम पाण्याचा हिशेब करू. १ चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाऊस पडला, की १ लिटर पाणी होते. मोटारीचा टप २ चौरस मीटर धरला, तर १०० मिलिमीटर पावसात त्यावर २०० लिटर पाणी पडते. त्याचा शंभरावा भाग आत आला, तरी ते २ लिटर भरेल.

आता पाण्याच्या तीन खोडी लक्षात घ्या. पहिली खोड चिकटण्याची. पेल्यातून पाणी हळूहळू ओतले, तर ते धार न धरता पेल्याच्या बाहेरच्या अंगाने ओघळते. याचे कारण पाणी व काच यांमधील आसंजन. याच कारणाने पुढच्या काचेच्या वरच्या कोपऱ्यातून शिरलेले पाणी पत्र्याला धरून डॅशबोर्डमागे उतरते आणि पायाशी ठिबकते.

दुसरी खोड केशाकर्षणाची. दोन स्वच्छ काचांमध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट ठेवून त्या पाण्यात उभ्या धरल्या, तर पाणी फटीत सुमारे ३ सेंटिमीटर वर चढते. अॅम्बॅसडरसारख्या जुन्या गाड्यांत काच रबराच्या खाचेत बसवलेली असते. वर्षानुवर्षांच्या उन्हाने हे रबर कडक होते, आकसते व त्याला बारीक चिरा पडतात. अशा फटीत पाणी ओढले जाते, आणि फटीचे आतले टोक खाली असले, तर दिव्याच्या वातीतून तेल झिरपावे तसे ठिबकू लागते.

तिसरी गोष्ट हवेच्या दाबाची. ताशी ७२ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाने मोटार धावत असता, समोर अडलेल्या हवेचा जादा दाब सुमारे २४० पास्कलपर्यंत जातो. हा जवळजवळ अडीच सेंटिमीटर उंच पाण्याच्या स्तंभाचा दाब होय. म्हणून काही गाड्या उभ्या असताना गळत नाहीत, धावताना मात्र गळतात.

दाराची गंमत आणखी वेगळी. खिडकीच्या काचेलगत थोडे पाणी दाराच्या पोकळीत उतरणारच, हे गाडी बनवणाऱ्याने गृहीतच धरलेले असते. ते बाहेर पडावे म्हणून दाराच्या तळाशी बारीक भोके ठेवलेली असतात. ती चिखलाने बुजली, की दाराचा हौद होतो व पाणी आत सांडते. ही भोके कधीही सीलंटने बुजवू नयेत!

तपासणी हा एक प्रयोगच आहे. तो मोठ्या माणसांच्या देखरेखीखाली करावा. आधी विचार करा: पाऊस नसतानाही ओल येते काय? तसे असेल तर वातानुकूलन यंत्राची निचरा नळी तुंबलेली असेल. ओल चिकट व गोडसर वासाची असेल, तर ते हीटरमधून गळणारे इंजिनाचे शीतकद्रव्य असू शकते. ते विषारी असते; चाखू नये.

मग पायाखालचे मॅटिंग काढून आतला भाग पूर्ण कोरडा करा. संशयित सांध्यांवर आतून खडूची पूड लावा. एकाने आत विजेरी घेऊन बसावे. दुसऱ्याने बाहेरून रबरी नळीने संथ पाणी सोडावे. सुरुवात खालून करावी: आधी दाराचा तळ, मग खिडकी, मग पुढची काच, शेवटी टप. प्रत्येक जागी पाच मिनिटे थांबावे. वरून सुरुवात केली तर पाणी खालच्या सगळ्याच सांध्यांवरून वाहते आणि दोषी कोण ते कळत नाही. एका वेळी एकच गोष्ट बदलावी, हा प्रयोगशाळेतला नियम येथेही लागू पडतो. पुडीवर ओघळ उमटला, की त्याचा माग वरच्या दिशेने घ्यावा.

वाट सापडली की उपाय सोपा असतो. बुजलेली भोके मऊ नायलॉनच्या दोरीने मोकळी करावीत, कडक रबर बदलावे, दाराच्या आतला सुटलेला प्लॅस्टिकचा पडदा पुन्हा चिकटवावा. सीलंट लावायचे, तर जुना थर खरवडून, जागा कोरडी करून मगच. मॅटिंग पूर्ण वाळल्याखेरीज परत घालू नये. त्याखालचा ओला नमदा दिवसेंदिवस पाणी धरून ठेवतो. लोखंड, पाणी व ऑक्सिजन एकत्र आले की गंज ठरलेला, आणि वरून न दिसता तळाचा पत्रा पोखरला जातो. तारांचे सांधे ओले झाले, तर दिवेही दगा देतात.

शिक्षकांनी वर्गात दोन काचपट्ट्या घेऊन त्यांच्या एका कडेस आगकाडी अडकवावी, दुसरी कडा मिटलेली ठेवावी आणि त्या रंगीत पाण्यात उभ्या धराव्यात. फट जसजशी अरुंद होते तसतसे पाणी उंच चढलेले दिसेल. डोळ्यांना न दिसणारी चीरच पाण्याला अधिक का ओढते, हे विद्यार्थ्यांना तेव्हा सांगावे लागणार नाही.