हॅलो दादा, काळं स्क्रीन आलंय!

गावाकडून भर ऑफिसात फोन आला, की आधी छातीत धस्स होतं. मग पलीकडून कळतं, घरचे सगळे ठणठणीत आहेत. आजारी आहे तो कॉम्प्युटर! आणि तुम्ही आयटीत आहात म्हटल्यावर डॉक्टर तुम्हीच. मग तुम्ही टेस्टिंगमध्ये असा, एचआरमध्ये असा, नाहीतर कंपनीच्या कँटीनचे हिशेब बघत असा. 'पुण्याला कॉम्प्युटरमध्ये आहे' एवढं क्वालिफिकेशन गावाला पुरतं.

या फोनवरच्या ओपीडीत हल्ली एक नवा पेशंट दिसायला लागलाय. लिनक्स. कारण साधं आहे. १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट संपला. विंडोज ११ ला साधारण आठव्या पिढीचा इंटेल प्रोसेसर आणि टीपीएम २.० नावाची चिप लागते. आपण २०१५-१६ मध्ये घेतलेला आणि नवा लॅपटॉप आल्यावर 'गावाकडे होईल उपयोग' म्हणून एसटीने पाठवून दिलेला तो डबा या परीक्षेत सपशेल नापास. मग उरतात दोन पर्याय. भंगारवाला किंवा लिनक्स मिंट.

लिनक्स म्हणजे दाढीवाल्या गीक लोकांचा छंद, असं अजून वाटत असेल तर एखाद्या कोर्टात डोकावून या. ई-कोर्ट प्रकल्पात देशभरातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांसाठी उबुंटू लिनक्सच निवडलं गेलं. १४ हजारांहून जास्त न्यायाधीशांना ते वापरायचं ट्रेनिंग मिळालं. खटल्यांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर तयार झालं आपल्या पुण्यातल्या एनआयसीत. सगळ्यात भारी गोष्ट म्हणजे, कोर्टाच्याच हजारो कर्मचाऱ्यांना सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून शिकवलं गेलं. कालपर्यंत फायलींना नाड्या बांधणाऱ्या हातांनी सर्व्हर सांभाळायचा! 'जगात जर्मनी, भारतात परभणी' असं आमच्याकडे छाती फुगवून म्हणतात. तर तिकडे जर्मनीतल्या श्लेस्विग-होल्स्टाइन राज्यानेही २०२४ मध्ये सरकारी कचेऱ्यांतले सुमारे ३० हजार कॉम्प्युटर लिनक्सवर न्यायचं ठरवलं. परभणी जिल्ह्यात पालमला माझ्या मावसभावाने त्याच्या आदल्याच वर्षी सुरुवात केली होती. एका कॉम्प्युटरपासून.

पालम म्हणजे गंगाखेडहून लोहा-नांदेडकडे जाताना लागणारं तालुक्याचं गाव. तिथे मावसभावाचं झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्मचं दुकान आहे. मशीन दोन. एकावर विंडोज, कारण आधारसाठी अंगठा घेणारं उपकरण त्यावरच नीट चालतं. (तुमच्या गावाकडच्या दुकानातही अंगठ्याचं काम असेल, तर त्या मशीनला हात लावू नका. लिनक्सचं प्रेम आपल्या जागी, पोट आपल्या जागी.) दुसऱ्यावर, म्हणजे जुन्या चार जीबी रॅमवाल्यावर, लिनक्स मिंट. टायपिंग, ब्राउझर, फॉर्म, रिझल्ट सगळं त्यावर.

२०२५ मध्ये अकरावीचे प्रवेश राज्यभर ऑनलाइन झाले. तोवर ही भानगड मुंबई, पुणे, नागपूर, नाशिक, अमरावती अशा मोठ्या शहरांपुरतीच होती. त्या वर्षी पालमच्या पोरापोरींनाही नेटवरूनच कॉलेजचे पसंतीक्रम भरावे लागले. ज्यांच्या घरी कॉम्प्युटर नाही त्यांनी जायचं कुठे? मावसभावाच्या दुकानात. आणि नेमक्या त्या गर्दीत वीज गेली. यूपीएसने दोनदा कण्हून मान टाकली. वीज आली, मशीन सुरू केलं आणि मला फोन.

"दादा, काळं स्क्रीन आलंय. इंग्लिशमदी कायतरी लिहून आलंय अन् पुढं जाईनाच गेलंय."

"काय लिहिलंय? वाच बरं."

"लई लिहिलंय. पुन्हा विंडोज टाकू का?"

इथेच बहुतेक जण चुकतात. गावाकडचे नव्हे, आपण! आपल्याला घाई असते, मीटिंग असते, म्हणून आपण सांगतो 'रीस्टार्ट कर' आणि ते नाही चाललं की 'फॉरमॅट मार'. विंडोजने आपल्याला शिकवलंय की काळ्या पडद्यावरचं इंग्लिश म्हणजे मर्तिकाची चिठ्ठी, वाचायची नसते. लिनक्सचं तसं नाही. ते बडबडं आहे. काय दुखतंय ते सांगतं, बऱ्याचदा औषधाचं नावही सांगतं. आपण फक्त ऐकून घ्यायचं. म्हटलं, आधी फोटो काढ आणि व्हॉट्सॲपवर टाक.

फोटोत शेवटून चौथ्या ओळीत सगळं लिहिलं होतं. एसडीए-टू या पार्टिशनची तपासणी हाताने करावी लागेल, एफएससीके चालवा. खाली 'इनिट-रॅम-एफएस' असा प्रॉम्प्ट टिमटिमत होता. झालं काय होतं, की लिनक्सची एक्स्ट-फोर फाइल सिस्टिम प्रत्येक बदलाची आधी एका जर्नलमध्ये नोंद करते. किराणावाला खतावणीत मांडण्याआधी कच्च्या वहीत लिहून ठेवतो ना, तसंच. वीज गेली तरी पुढच्या वेळी ती कच्ची वही वाचून सिस्टिम स्वतःच हिशेब जुळवते. क्वचित कधी कच्ची वहीच फाटते. मग ती मालकाला विचारल्याशिवाय पुढे जात नाही. यात घाबरण्यासारखं काय आहे? उलट कौतुक करा!

मग फोनवर आमची बाराखडी सुरू झाली. एफ फणसाचा, एस सशाचा, सी चहाचा, के केळ्याचा. मग स्पेस, डॅश, वाय. वाय म्हणजे प्रत्येक दुरुस्तीला 'हो'. मग स्पेस आणि पार्टिशनचं पूर्ण नाव, तिरप्या रेघांसकट. एंटर. पाच मिनिटं आकडे धावले. मग 'एक्झिट' टाइप केलं आणि मिंटचा हिरवा लोगो उजळला. मागे कागदांच्या पिशव्या घेऊन उभ्या असलेल्या आठ-दहा पोरांचा आवाज मला फोनवर ऐकू आला. एका मुलीची मुदत दुसऱ्या दिवशी संपणार होती. मशीन परभणीला न्यावं लागलं असतं, तर तिचा फॉर्म तिथेच राहिला असता.

एक पथ्य मात्र पाळा. हीच स्क्रीन दर आठवड्याला यायला लागली, तर दोष विजेचा नाही, डिस्क मरायला टेकलीय. 'डिस्क्स' नावाच्या ॲपमध्ये स्मार्ट डेटा बघा. तो लाल दिसला तर डागडुजी नंतर, आधी सगळा डेटा दुसरीकडे हलवा.

वीज गेली तेव्हा मागे अपडेट चालू होतं, त्यामुळे दुसऱ्या दिवशी नवं काही इन्स्टॉल होईना. याचंही उत्तर मेसेजमध्येच होतं. डीपीकेजी अर्धवट थांबलंय, अमुक कमांड चालवा. ती तशीच्या तशी, पुढे 'सुडो' लावून टाइप केली, की अर्धवट राहिलेलं काम पूर्ण होतं. कधी कधी मेसेज येतो की 'लॉक दुसऱ्या प्रोसेसकडे आहे'. म्हणजे मागे आपोआप अपडेट चालू आहे. चहा पिऊन या. इंटरनेटवरचे वीर सांगतात तशी ती लॉकची फाइल लगेच उडवू नका.

इंटरनेटवरच्या वीरांचा आणखी एक लाडका मंत्र आहे, सीएचमॉड ७७७. परवानगी नाही असा मेसेज आला की सगळ्यांना सगळी परवानगी देऊन टाकायची. घराची किल्ली हरवली म्हणून भिंतच पाडली! कुणी हे पूर्ण सिस्टिमवर चालवलं, तर सुडो स्वतःच बंद पडतं, कारण त्याच्या फाइलवरचा खास बिट पुसला जातो. मग मशीन तुमचं, पण मालकी कुणाचीच नाही.

आता सगळ्यात वैताग आणणारा प्रकार. पासवर्ड बरोबर टाकला, स्क्रीन क्षणभर काळी झाली आणि पुन्हा पासवर्डच मागतंय. चुकीचा म्हणत नाही, आतही घेत नाही. अशा वेळी दहातल्या बऱ्याच वेळा डिस्क गच्च भरलेली असते. लॉगिन करताना सिस्टिमला एक छोटीशी फाइल लिहायची असते आणि त्यालाही जागा उरलेली नसते. कंट्रोल, ऑल्ट आणि एफ-३ एकदम दाबा. साधी अक्षरांची स्क्रीन येईल, तिथे लॉगिन मात्र होतं. डीएफ, स्पेस, डॅश एच असं टाइप करा, कुठलं पार्टिशन १०० टक्के झालंय ते कळेल. गुन्हेगार सहसा डाउनलोड फोल्डरच असतो. पालमच्या मशीनमध्ये एकाच फॉर्मच्या पीडीएफच्या ढिगाबरोबर दोन अख्खे सिनेमे निघाले. ते कुणाचे, हे अजून कुणी कबूल केलेलं नाही.

घड्याळाचं दुखणं वेगळं. मशीन जुनं, त्यामुळे मदरबोर्डवरचा सीआर २०३२ हा नाण्याएवढा सेल संपलेला असतो. मशीन सुरू झालं की तारीख भलत्याच जमान्यातली. नेट लागलं की लिनक्स स्वतः वेळ जुळवून घेतं, पण सेटिंगमधली ऑटोमॅटिक वेळ कुणी बंद केली असेल तर सरकारी साइट, बँक, ईमेल सगळीकडे 'कनेक्शन सुरक्षित नाही' अशी बोंब. लोक नेटवाल्याला शिव्या घालतात आणि दोष असतो त्या सेलचा. आणि एकाच मशीनवर विंडोज आणि लिनक्स दोन्ही नांदत असतील आणि विंडोजचं घड्याळ बरोब्बर साडेपाच तास मागे पडत असेल, तर काही बिघडलेलं नाही. लिनक्स आतल्या घड्याळात ग्रिनिचची वेळ ठेवतं, विंडोज ती आपलीच समजतं. घड्याळात स्थानिक वेळ ठेव, असं लिनक्सला एका कमांडने सांगता येतं.

वाय-फाय दिसतच नाही? फोन यूएसबी केबलने जोडा, टेदरिंग चालू करा. मशीनला नेट मिळालं की ड्रायव्हर मॅनेजर उघडा, पुढचं तो बघून घेतो. विंडोजच्या ड्राइव्हमध्ये काही सेव्ह होत नाही? विंडोजमधलं फास्ट स्टार्टअप बंद करा. ते बंद होताना अर्धवटच झोपलेलं असतं आणि झोपलेल्याच्या अंथरुणाला लिनक्स हात लावत नाही.

मराठीचा प्रश्न आला की मावसभाऊ हमखास चिडतो. वकिलांनी दिलेल्या जुन्या दस्ताची फाइल लिनक्सवर उघडली की मराठीच्या जागी इंग्लिश अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी. फाइल करप्ट नाही. ती श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलेली असते. तिथे आत इंग्लिशच असतं, वरचा मुखवटा फक्त मराठी. कन्व्हर्टर वापरून ती एकदाची युनिकोडमध्ये आणणं हाच इलाज. गंमत म्हणजे लिनक्सवर गाजलेला लोहित हा फॉन्ट रेड हॅटसाठी पुरवला तोही मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीवाल्या पुण्याच्या कंपनीनेच. २००४ मध्ये तो सगळ्यांसाठी खुला झाला. आणि 'खऱ्या', 'कऱ्हाड' यांतला अर्धा र येत नाही म्हणून युनिकोडला नावं ठेवू नका. इनस्क्रिप्ट कीबोर्डवर शिफ्ट धरून जे दाबा, नुक्तावाला ऱ येईल, पुढे हलन्त द्या. दुकानात दाखल्यावर नाव चुकलं तर खेटे गिऱ्हाईकाला पडतात, म्हणून हे आधी शिका.

मावसभावाने आता काउंटरखाली एक जाड वही ठेवलीय. डावीकडे स्क्रीनवर आलेला मेसेज, उजवीकडे काय टाइप केलं ते. स्पेलिंग त्याचं स्वतःचं आहे, पण चालतं. महिना-महिना फोन येत नाही. मागे एकदा आला तो गंगाखेडच्या एका दुकानदाराचा. त्याला माझा नंबर हवा नव्हता, वहीतल्या एका पानाचा फोटो हवा होता आणि मावसभावाचा फोन लागत नव्हता.

प्रिंटरचं तेवढं जमलेलं नाही. नवे प्रिंटर लिनक्सला जोडले की बहुधा आपोआप ओळखले जातात, पण दुकानातलं ते जुनं छोटं लेझर मॉडेल ड्रायव्हरशिवाय हलत नाही, आणि ड्रायव्हर एकदा चालतो, दोनदा रुसतो. त्यामुळे फॉर्म भरायचा लिनक्सवर, पीडीएफ पेनड्राइव्हवर घ्यायची, दोन पावलं चालून विंडोजवर प्रिंट काढायची. गिऱ्हाईक विचारतं, असं का? मावसभाऊ म्हणतो, "त्या दोघायचं पटत नाही."