मोडीला संगणकात जागा कशी मिळाली?

जून २०१४ पर्यंत मोडी लिपीला संगणकाच्या जगात अधिकृत जागाच नव्हती. पुण्याच्या पेशवे दफ्तरात मोडी कागदांचे रुमालांवर रुमाल आहेत, पण त्यातली एक ओळ टाइप करून धाडायची, तर समोरच्याकडेही नेमका तोच फॉन्ट लागायचा. तो नसला की पडद्यावर भलतीच अक्षरं. युनिकोडच्या ७.० या आवृत्तीत मोडीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक मिळाला आणि ही अडचण मुळातून सुटली.

हे क्रमांक ठरवते युनिकोड कन्सॉर्शियम, १९९१ साली अमेरिकेत स्थापन झालेली ना-नफा संस्था. मतदानाचा हक्क वर्गणी भरणाऱ्या सभासदांना, आणि त्यांत ॲपल, गूगल, मायक्रोसॉफ्ट अशा बड्या कंपन्या. प्रस्ताव मात्र कुणीही पाठवू शकतं. हिजाब घातलेल्या स्त्रीची इमोजी २०१७ मध्ये आली, ती रायूफ अल्हुमैदी या बर्लिनमध्ये राहणाऱ्या पंधरा वर्षांच्या सौदी मुलीने आदल्या वर्षी प्रस्ताव दिला म्हणून.

इमोजीपेक्षा लिपीचं काम कितीतरी किचकट. मोडीचा प्रस्ताव तयार केला अंशुमन पांडे यांनी, तेव्हा ते मिशिगन विद्यापीठात इतिहासाचे अभ्यासक होते. बर्कलीच्या विद्यापीठातला एक प्रकल्प अशा दुर्लक्षित लिप्यांच्या पाठीशी उभा राहतो, त्याचीही मदत झाली. मोडी म्हणजे देवनागरीचंच वळणदार रूप, मग वेगळे क्रमांक कशाला, हा पहिला प्रश्न. त्याला उत्तर द्यायचं तर जुन्या कागदांचे नमुने लावून दाखवावं लागतं की अक्षरांची घडणच निराळी आहे, काना-वेलांटी जोडताना व्यंजनाचं रूप पालटतं, जोडाक्षरात ‘र’ वेगळा वागतो. पाव, निम्मे, पाऊण यांच्या हिशेबी खुणांसाठीही त्यांनीच प्रस्ताव दिला होता. त्या २००९ मध्येच आल्या. हे सगळं मिशिगनमधून झालं याचा मला आनंद आहे, आणि रुखरुखही. मोडी वाचणारी माणसं तर इथे आहेत.

वेळेवर बोलणं का महत्त्वाचं? एकदा दिलेला क्रमांक युनिकोड कधीच काढून घेत नाही, नावही बदलत नाही. ‘ॲ’चंच पाहा. या अक्षराला स्वतंत्र क्रमांक मिळाला २००८ मध्ये. तोवर लोक ‘अ’वर चंद्र चढवून काम भागवत होते. डोळ्यांना दोन्ही सारखेच, पण संगणकाच्या लेखी ती दोन वेगळी लेखनं. म्हणून जुन्या पद्धतीने लिहिलेला ‘अॅसिड’ हा शब्द ‘ॲसिड’ शोधून सापडेलच असं नाही. मराठीतल्या जुन्या मजकुराचा केवढा तरी भाग आज असा दुभंगलेला आहे.

नव्या आवृत्तीचा मसुदा आधी सर्वांसाठी खुला होतो, हरकती मागवल्या जातात. त्यासाठी सभासद असावं लागत नाही; लागतो तो पुरावा. मोडीचे वर्ग आज गावोगावी चालतात. शिकताना एखादी खूण युनिकोडच्या तक्त्यात सापडली नाही, तर तिचा स्पष्ट फोटो, कागदाचं साल, तो कुठल्या दफ्तरातला आणि खुणेचा अर्थ काय, एवढं टिपून ठेवावं. अशी दोन-चार उदाहरणं वेगवेगळ्या हातांची मिळाली, की प्रस्ताव लिहायला घेता येतो.