एकाच वास्तूवर अनेकदा पडलेला प्रकाश

शहापूर तालुक्यातल्या माहुली गडाच्या महादरवाज्याच्या काळोख्या कमानीत गडाखालच्या एखाद्या पाड्यातील कारवीच्या कुडाची भिंत उमटलेली दिसावी, किंवा अंबरनाथच्या शिवालयाची एकच बाह्यभिंत सकाळ, माध्यान्ह आणि सायंकाळ अशा तिन्ही वेळांच्या उन्हात एकदमच उजळलेली दिसावी, अशा प्रकारचे छायाचित्र प्रदर्शनात समोर आले म्हणजे पाहणारा बहुधा एकच शेरा मारून पुढे सरकतो, आणि तो शेरा असा की हे सारे संगणकाचे काम आहे. मल्टिपल एक्स्पोजर, म्हणजे एकाच चौकटीवर एकाहून अधिक वेळा प्रकाश घेण्याची पद्धत, हिच्याविषयी आपल्याकडे जे अनेक गैरसमज रूढ आहेत, त्यांतील हा पहिला आणि सर्वांत चिवट होय.

वस्तुस्थिती अशी की ही कल्पना संगणकाहून शतकभराने जुनी आहे. १८५७ साली ऑस्कर रेलँडर या छायाचित्रकाराने इंग्लंडमध्ये तिसाहून अधिक निगेटिव्हांची छपाई जुळवून एकच भव्य चित्र सिद्ध केले. ते काम अंधाऱ्या खोलीतल्या छपाईचे होते, कॅमेऱ्यातल्या दुहेरी प्रकाशाचे नव्हे, हा भेद ध्यानात ठेवला पाहिजे. परंतु एका चौकटीत एकच क्षण असावा हा नियम छायाचित्रणाने आपल्या बाल्यावस्थेतच झुगारून दिला होता, एवढे त्यावरून निर्विवाद ठरते. त्याच सुमारास आपल्या मुंबईतही हौशी मंडळी या विद्येच्या नादी लागली होती. बॉम्बे फोटोग्राफिक सोसायटीची स्थापना १८५४ची आहे.

आणि मराठी माणसाला तर याचा दाखला शोधण्यासाठी फार दूर जावयास नको. कसाऱ्याचा घाट चढून गेले की नाशिक जिल्हा लागतो, आणि तेथल्या त्र्यंबकेश्वरी १८७० साली जन्मलेले दादासाहेब फाळके बडोद्याच्या कलाभवनात छायाचित्रण शिकले, गोध्र्यास त्यांनी छायाचित्रणाचा व्यवसाय केला, आणि काही काळ ते पुरातत्त्व खात्यात चाकरीस होते. १९१३च्या ‘राजा हरिश्चंद्र’पासून पुढे आपल्या चित्रपटांत देवदेवतांना प्रकट करण्यासाठी, त्यांना अंतर्धान पावावयास लावण्यासाठी आणि एका दृश्यावर दुसरे चढविण्यासाठी त्यांनी ज्या क्लृप्त्या योजल्या, त्यांतील काहींचे मूळ तत्त्व हेच की एकदा प्रकाश घेतलेल्या फिल्मवर पुन्हा प्रकाश घ्यावयाचा. प्राचीन वास्तूंची यथातथ्य नोंद ठेवणाऱ्या खात्यात काम केलेला माणूसच पुढे एका प्रतिमेवर दुसरी प्रतिमा चढवितो, यात मला कसलाही विरोध दिसत नाही. प्रकाशाचा हिशेब ज्याने काटेकोरपणे शिकून घेतला आहे, त्यालाच तो हिशेब वाकविण्याचा अधिकार प्राप्त होतो.

दुसरा गैरसमज थोडक्यात निकालात काढता येण्याजोगा आहे. रोल पुढे सरकवावयास विसरले म्हणजे अशी चित्रे निघतात, असे म्हणणारी मंडळी आपल्या घरच्या जुन्या बॉक्स कॅमेऱ्याच्या आठवणीवरून बोलत असतात, आणि त्यांचे म्हणणे त्या कॅमेऱ्यापुरते खरेही आहे, कारण त्यात शटर आणि फिल्मची किल्ली यांचा परस्परांशी संबंध नसे. पुढे कारखानदारांनी असा अपघात होऊ नये अशी तजवीज केली. परंतु तीच तजवीज हेतुपुरस्सर मोडता यावी म्हणून निकॉनच्या एफएम२सारख्या कॅमेऱ्यांत खास खटकाही ठेविला.

खरा घोळ होतो तो पुढे, प्रकाशाच्या वाटणीत. नवशिका असे समजतो की चार वेळा चित्र घ्यावयाचे तर चारही वेळा मापकाने दाखविलेला पुरेपूर प्रकाश घ्यावा. आणि मग हाती फिकट, उजळून गेलेले चित्र येते. प्रकाश हा बेरजेने साठत असतो. दोन एक्स्पोजरे घ्यावयाची असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला निम्मा प्रकाश, म्हणजे एक स्टॉप कमी. चार घ्यावयाची तर पाव, म्हणजे दोन स्टॉप कमी. आठ घ्यावयाची तर तीन स्टॉप कमी. एका चित्रास १/६० सेकंद पुरत असेल, तर चार चित्रांना प्रत्येकी सुमारे १/२५० सेकंद मिळावयाचा. मात्र हा नियमही सरसकट लागू करणे हा आणखी एक गैरसमजच होय. दोन प्रतिमा चौकटीच्या एकाच भागावर पडत असतील तेव्हाच ही वाटणी आवश्यक असते; पहिल्या प्रतिमेत जो भाग निखळ काळा राहिला आहे, त्यावर दुसरी प्रतिमा पूर्ण प्रकाशाने घेता येते, किंबहुना घ्यावीच लागते, कारण काळ्या भागात अजून काहीच साठलेले नसते. उलट जेथे आकाश आधीच पांढरे झाले आहे, तेथे पुढे काहीही उमटत नाही. भरल्या हंड्यात आणखी पाणी मावत नाही, तसे.

माहुलीच्या ज्या चित्राचा उल्लेख आरंभी केला, त्याचे सारे मर्म या एका गोष्टीत आहे. महादरवाज्याच्या कमानीची आणि आतील देवड्यांची पोकळी बाहेरच्या लख्ख उन्हाच्या मानाने इतकी गडद असते की बाहेरच्या दगडाचे माप धरून चित्र घेतले तर ती पोकळी केवळ काळी पडते, आणि म्हणूनच ती रिकामी असते. तीत कुडाची भिंत आणावयाची तर ती भिंत चौकटीत नेमकी त्या पोकळीपुरती बसेल अशा अंतरावरून, आणि भोवतालचे सारे काळे राहील अशा बेताने घ्यावी लागते, नाहीतर तिच्या काठ्या दगडावरही चढतात आणि गडाचा गडपणा हरपतो. कारवीच्या उभ्या काठ्या, त्यांवरचा शेणमातीचा गिलावा, तो जेथे निखळला आहे तेथे उघडी पडलेली वीण: हे सारे त्या घडीव चिऱ्यांच्या मधोमध दिसू लागले म्हणजे ज्यांच्या श्रमाने गड उभा राहिला आणि ज्यांच्या घरांची नोंद कोणत्याही दप्तरात नाही, त्यांचा गडाशी असलेला संबंध डोळ्यांपुढे उभा राहतो.

शहापूर-मुरबाडच्या परिसरात चित्र घेण्याजोगी वास्तूच नाही, हा गैरसमज तर इथल्या माणसांनीही पोसला आहे. माळशेजचा पाऊस आणि सिद्धगड-गोरखगडांचे कडे यांपुढे इमारतींकडे पाहतो कोण? परंतु मुरबाडहून बारवी धरणाच्या वाटेने बदलापूर ओलांडले की अंबरनाथचे शिलाहारकालीन शिवालय येते. त्यावरील शिलालेख शके ९८२चा, म्हणजे इसवी सन १०६०चा. या मंदिराच्या भिंती सरळ नाहीत. कोनामागून कोन पुढे येत आणि मागे सरत गेल्यामुळे काळ्या पाषाणाचा प्रत्येक पट्टा दिवसाच्या निराळ्या वेळी उजेडात येतो. हिवाळ्यात सूर्य दक्षिणेकडून जातो, त्यामुळे दक्षिणेची भिंत सकाळी एका अंगाने व सायंकाळी दुसऱ्या अंगाने तिरप्या उन्हात न्हाते. मे महिन्याच्या मध्यास मात्र माध्यान्हीचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि ऊन भिंतीवरून खाली घसरत जाते. कॅमेरा जागचा न हलविता हे निरनिराळे ऊन एका चौकटीत साठविले तर प्रत्येक कोनाला दोन्ही अंगांनी फिकट सावली लाभते, आणि जेथे वर्षभरात कधीच ऊन पोहोचत नाही अशा खोल खाचा तेवढ्या काळ्याभोर उरतात. असे दृश्य कोणत्याही एका क्षणी कोणीही पाहिलेले नसते, तरी त्यात असत्य असे काहीच नाही. येथे तिवईचा, म्हणजे ट्रायपॉडचा, उपयोग करावयाचा तर पुरातत्त्व खात्याची परवानगी आधी काढावी.

डिजिटल कॅमेऱ्याने काम सोपे केले, पण आपोआप केले नाही. कॅननच्या २०१२च्या ५डी मार्क थ्रीमध्ये दोन ते नऊ प्रतिमा एकत्र करण्याची सोय आहे आणि त्यांसाठी बेरीज, सरासरी, उजळ व गडद असे चार प्रकार आहेत. बेरजेच्या प्रकारात फिल्मप्रमाणेच वाटणीचा हिशेब स्वतः करावा लागतो. सरासरीत तो कॅमेरा करतो. उजळ प्रकारात प्रत्येक बिंदूवर जी प्रतिमा अधिक उजळ असेल ती टिकते, गडद प्रकारात अधिक काळी. म्हणून पांढऱ्या आकाशापुढच्या मंगलोरी कौलांच्या छपरांसाठी गडद, आणि रात्रीच्या दिव्यांसाठी उजळ. त्या कॅमेऱ्यात पूर्वी घेतलेली मूळ प्रतिमा पाया म्हणून निवडून तिच्यावर नवी चढविता येते, ही सोय मला सर्वांत मोलाची वाटते, कारण तिच्यामुळे दोन एक्स्पोजरांमध्ये ऋतू उलटून जाऊ शकतात. लख्ख उजेड आणि गडद सावली या दोहोंतील तपशिलासाठी तेच दृश्य कमीअधिक प्रकाशात घेऊन जोडण्याची जी एचडीआर पद्धत आहे, तिच्याशी या साऱ्याचा काही संबंध नाही. तेथे अनेक चित्रे घेऊन एकच क्षण सुधारावयाचा असतो.

जितके थर अधिक तितकी कला थोर, असेही मानले जाते. इद्रिस खान या ब्रिटिश कलावंताने २००४ साली बेर्न्ड आणि हिला बेखर या जर्मन दांपत्याने टिपलेल्या गॅसच्या टाक्यांची अनेक छायाचित्रे एकमेकांवर रचून जी चित्रे केली, ती थरांच्या संख्येमुळे मोठी नाहीत. एकाच जातीच्या वास्तू एकाच कोनातून घेतलेल्या असल्यामुळे त्यांतील समान ते ठळक होते आणि भिन्न ते धुरकट होते, हा विचार त्यांत आहे. ते काम संगणकावरच झाले आहे, आणि त्यात लाजण्यासारखे काही नाही. केवळ ती पद्धत निराळी. विचार नसेल तर तिसऱ्या थरापासूनच चिखल सुरू होतो.

शहापूर तालुक्यापुरता असा एक विचार मला सुचतो तो तानसाचा. दगडी बांधणीचे हे धरण १८९२ सालचे. तेव्हापासून त्याचे पाणी नळांतून मुंबईस जाते, आणि त्याच तालुक्यातील कित्येक पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. धरणाच्या भिंतीची सरळ रेघ आणि तिच्यावरच टँकरपाशी मांडलेल्या हंड्यांची रांग, असे दोन एक्स्पोजरांचे चित्र ज्याला काढावयाचे असेल त्याने धरणाच्या हद्दीतील मनाई आधी तपासावी, रीतसर अर्ज करावा, आणि भिंत दुरून, जेथून परवानगी मिळेल तेथूनच घ्यावी.

राहता राहिला तो आक्षेप की अशी चित्रे इतिहासाचा पुरावा बिघडवितात. माहुलीवर १६३६ साली शहाजीराजे वेढ्यात सापडले, १६६५च्या पुरंदरच्या तहात हा गड मोगलांकडे गेला आणि १६७०मध्ये स्वराज्यात परत आला. या घटनांचा अभ्यासक मल्टिपल एक्स्पोजरवरून दरवाज्याचे माप घेऊ लागला तर तो फसेल, यात शंका नाही. परंतु फसवणूक होते ती तपशील दडविल्यामुळे. प्रत्येक चित्राखाली वास्तूंची नावे व गावे, किती एक्स्पोजरे, कोणत्या तारखांना व कोणत्या वेळी, कॅमेऱ्यात की संगणकावर, आणि कॅमेऱ्यात असल्यास बेरीज की सरासरी, एवढा मजकूर लिहावा. आणि ज्या एकेरी प्रतिमांवरून ते सिद्ध झाले त्या मूळ स्वरूपात जपून ठेवाव्यात, म्हणजे अभ्यासकाने मागितल्या असता दाखविता येतील.