शेंदरी बोंडअळीची हिवाळी झोप

डिसेंबर-जानेवारीत परभणी जिल्ह्यात पारा अनेकदा 10 अंशांच्या खाली उतरतो. कापसाची वेचणी संपत आलेली असते आणि वाळलेल्या पऱ्हाटीचे शेत निर्जीव भासते. त्याच शेतातील किडक्या बोंडांत मात्र शेंदरी बोंडअळी जिवंत असते. पूर्ण वाढलेली अळी दोन सरक्या रेशमी धाग्याने जोडून त्यांच्या पोकळीत पडून राहते. या अवस्थेला शास्त्रात सुप्तावस्था म्हणतात.

ही झोप थंडीने गारठल्यामुळे लागत नाही. ती आधीच ठरलेली असते. दिवस लहान होणे, रात्री गार होणे आणि पक्व, तेलयुक्त सरकीचे खाद्य हे अळीसाठी संकेत ठरतात. मग कोषावस्थेला चालना देणारी संप्रेरके स्रवणे थांबते. शरीरात चरबी साठते, पाण्याचे प्रमाण घटते आणि श्वसन मंदावते. त्यामुळे अन्नाविना कित्येक महिने निघतात. थंडीपेक्षाही पुढे येणारा कपाशीविना काळ ओलांडणे, हाच या झोपेचा खरा हेतू होय.

उन्हाळ्यानंतर उष्णता व ओलावा वाढला की अळी कोषात जाते आणि पतंग बाहेर पडतो. त्या वेळी शेतात पात्या-फुले नसतील तर त्याची पुढची पिढी उपाशी मरते. मान्सूनपूर्व लागवड केलेली कपाशी मात्र तिला आयतेच अन्न पुरवते.

देशात 2002 मध्ये बीटी कपाशीला परवानगी मिळाली आणि 2006 मध्ये दोन जनुकांचे वाण आले. कालांतराने शेंदरी बोंडअळी दोन्हींना पुरून उरली. 2017 च्या हंगामात राज्यातील कापूस उत्पादकांना त्याचा मोठा फटका बसला. याउलट अमेरिकेने बीटी वाण, वंध्य पतंग सोडणे आणि पीक-अवशेषांचा काटेकोर नाश यांची सांगड घालून 2018 मध्ये ही कीड आपल्या कापूस पट्ट्यातून हद्दपार झाल्याचे जाहीर केले.

म्हणूनच फरदड घेऊ नये, हंगाम वेळेत संपवून पऱ्हाटी व किडकी बोंडे नष्ट करावीत आणि शेताची खोल नांगरट करावी, असा सल्ला कृषितज्ज्ञ देतात. जिनिंगमधील सरकीतही अळ्या दडून असतात. तेथे कामगंध सापळे लावणे उपयुक्त ठरते. बांधावर सरपणासाठी रचलेली पऱ्हाटी निरुपद्रवी दिसते, पण पुढील हंगामाची कीड तिच्यातच झोपलेली असू शकते.