ओटीपोटातली कळ आणि फुटलेली गाठ

दिवाळीच्या सुमाराला कापसाची वेचणी भरात असते. जालना जिल्ह्यात भोकरदन, मंठा, घनसावंगीकडे वाकून वेचणाऱ्या बाईच्या ओटीपोटात एका बाजूला अचानक जोराची कळ येते आणि ती सरीतच बसकण मारते. घरी कोणी म्हणते वात धरला, कोणी म्हणते बेंबी सरकली. पोट तेल लावून चोळले जाते, दुकानातून एक गोळी येते. बहुतेकींचे दोन-तीन दिवसांत थांबते. एखादीचे मात्र थांबत नाही आणि मग रात्री गाडी शोधायची धावपळ सुरू होते.

अशा कळेमागे अंडाशयावरची गाठ फुटलेली असू शकते. गाठ म्हटले की घरात कर्करोगाची भीती शिरते, पण पाळी चालू असलेल्या वयात यातल्या बहुतेक गाठी साध्या पाण्याच्या असतात. दर महिन्याला स्त्रीबीज वाढवणारा पाण्याचा एक फुगा अंडाशयात तयार होतो, साधारण दोन सेंटीमीटरचा होतो आणि फुटून बीज बाहेर पडते. तो न फुटता वाढत राहिला किंवा बीज सुटल्यावर त्याच जागी पुन्हा पाणी-रक्त साचले की त्याची गाठ होते. बीज सुटल्यानंतरच्या गाठीला रक्तवाहिन्या भरपूर, म्हणून पाळीच्या आधीच्या आठ-दहा दिवसांत फुटली तर रक्तस्रावाचा धोका जास्त. जड ओझे, अंगमेहनत किंवा शरीरसंबंध हे निमित्त होते, आणि कधी काहीच निमित्त लागत नाही. डाव्या अंडाशयाला आतड्याच्या वळणाचा आधार असतो, त्यामुळे उजवीकडची गाठ जास्त वेळा फुटते असे मानतात. अपेंडिक्सशी घोटाळा होतो तो इथेच.

नुसते पाणी सांडले असेल तर शरीर ते शोषून घेते. वेदनाशामक औषध, विश्रांती आणि डॉक्टरांची नजर एवढ्यावर भागते. रक्त वाहत राहिले तर गोष्ट वेगळी. चक्कर, घाम, फिकट चेहरा, पळणारी नाडी, ताठलेले पोट ही त्याची लक्षणे. आणखी एक खूण बायका सांगतच नाहीत, कारण तिचा पोटाशी संबंध असेल असे वाटत नाही: आडवे झाल्यावर खांद्याच्या टोकाला दुखणे. पोटातले रक्त श्वासपटलापर्यंत पोचले की दुखणे खांद्यात उमटते. ताप आणि सतत उलट्या असल्या तरी घरी थांबू नये.

दवाखान्यात पहिली तपासणी लघवीची, गर्भ आहे का हे पाहणारी. लग्न न झालेल्या मुलीची ही चाचणी सांगितली की घरच्यांचे चेहरे बदलतात, हे फार दुर्दैवी आहे. गर्भनलिकेत अडकलेला गर्भ फुटला तरी दुखणे असेच असते, तो जीव घेऊ शकतो आणि ती शक्यता आधी बाजूला काढावीच लागते. चाचणीत चारित्र्याचा प्रश्न नसतो. सोनोग्राफीत गर्भाशयामागच्या खोलगट जागेत साचलेले पाणी काळे दिसते, गोठलेले रक्त करडे, जाळीदार. हिमोग्लोबिन सुरुवातीला बरे आले तरी फसू नये. तरुण शरीर बराच वेळ तग धरते, म्हणून काही तासांनी ते पुन्हा पाहतात. ज्या बाईचे रक्त मुळातच कमी, तिला तर थोडा स्रावही झेपत नाही.

स्राव थांबत नसेल तर सलाईन, रक्त आणि शस्त्रक्रिया, शक्यतो दुर्बिणीतून. रक्त थांबवायचे, गाठ काढायची आणि अंडाशय वाचवायचे, हा आजचा रिवाज. गर्भाशय काढण्याचा इथे काहीच संबंध नाही.

हे ठासून सांगायचे कारण आपल्या शेजारीच आहे. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड महिलांच्या पाहणीत २०१९ मध्ये ८२,३०९ पैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालील समितीने हा प्रश्न मांडला. अंबड, घनसावंगी, परतूर, मंठ्यातूनही दिवाळीनंतर टोळ्या कारखान्यांकडे निघतात. दुखणे घेऊन फडात उभे राहता येत नाही आणि खाडा परवडत नाही, म्हणून ‘पिशवी (गर्भाशय) काढून मोकळे व्हा’ हा सल्ला पटतो. पण पिशवी काढली तरी अंडाशय असेपर्यंत गाठ होऊ शकते. दोन्ही अंडाशयेही काढली तर तिशीतच पाळी जाण्याचे त्रास, ठिसूळ हाडे आणि हृदयविकाराचा वाढता धोका मागे लागतो. साध्या गाठीसाठी हा सौदा अन्यायाचा आहे.

पाळी गेल्यानंतरची गाठ मात्र साधी समजू नये, तिची नीट तपासणी हवी. केस-चरबीची किंवा जुन्या काळ्या रक्ताची गाठ फुटली तर पोटाला आतून सूज येते, तिथेही शस्त्रक्रिया लागू शकते. गर्भनिरोधक गोळ्या नव्या गाठी रोखतात, असलेली विरघळवत नाहीत.

जालन्यात गांधी चमनला स्त्री रुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०२४ पासून सुरू झाले आहे, आणि छत्रपती संभाजीनगरचे घाटी रुग्णालय साठेक किलोमीटरवर आहे. चक्कर आणि खांदादुखी असेल तर रुग्णवाहिकेसाठी १०८ ला फोन लावा, पोट चोळू नका, काही खायला देऊ नका. आणि कोणी पिशवी काढायला सांगितले तर सोनोग्राफीचा कागद हातात घेऊन दुसऱ्या स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवल्याशिवाय सही करू नका.