चढाचा गिअर आणि जुन्या सायकलीची पारख

दिल्लीच्या मंडी हाऊस चौकातून इंडिया गेटच्या दिशेने जाणारा कोपर्निकस मार्ग हा सायकल चालविण्यास अत्यंत सोयीचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंना झाडी आहे आणि चढ जवळजवळ नाहीच. जुने महाराष्ट्र सदन याच मार्गावर असल्यामुळे राजधानीत येणाऱ्या अनेक मराठी माणसांना तो परिचयाचा आहे. अशा रस्त्यावर सायकलीला एकच गिअर असला तरी काही बिघडत नाही. किंबहुना आपल्या देशातील दूधवाला, पोस्टमन आणि शाळामास्तर यांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या काळ्या सायकली वापरल्या, त्यांना एकच गिअर होता. परंतु हीच सायकल घेऊन एखाद्याने पुण्याजवळच्या सिंहगडाच्या घाटरस्त्याने वर जाण्याचे ठरविले, तर थोड्याच वेळात त्याला खाली उतरून सायकल ढकलावी लागेल. येथे पायांतील बळाची उणीव नसून पाय आणि चाक यांचा मेळ बसलेला नसतो, आणि हा मेळ बसविण्याचे साधन म्हणजे गिअर होय.

सायकलीच्या पेडलांना जोडलेले पुढचे दातेरी चक्र, म्हणजे चेनव्हील, आणि मागच्या चाकावरील लहान दातेरी चक्र, म्हणजे फ्रीव्हील, ही दोन्ही चेनने जोडलेली असतात. समजा, साध्या सायकलीच्या चेनव्हीलला ४४ आणि फ्रीव्हीलला १८ दात आहेत. पेडल एकदा पूर्ण फिरले की मागचे चाक ४४ भागिले १८, म्हणजे सुमारे २.४४ वेळा फिरते. चाकाचा परीघ २.२ मीटर धरला, तर पेडलाच्या एका फेऱ्यात सायकल ५.४ मीटर पुढे जाते. सपाट रस्त्यावर ताशी १५ किलोमीटर वेगाने जाताना मिनिटाला सुमारे ४६ फेरे मारावे लागतात. ही गती पायांना मानवणारी आहे.

सिंहगडाचा गाडीरस्ता पायथ्यापासून आठ-नऊ किलोमीटरांचा असून तेवढ्यात सुमारे ६०० मीटर उंची चढावी लागते. म्हणजे दर शंभर मीटर अंतरामागे सरासरी सात मीटर चढ. स्वार आणि सायकल यांचे एकत्रित वजन ८५ किलो धरले, तर ताशी ६ किलोमीटर वेगाने हा चढ चढण्यास ११० वॅटच्या आसपास शक्ती लागते. नियमित सायकल चालविणाऱ्या निरोगी माणसाला एवढी शक्ती तास-दीड तास देता येते. मात्र एकाच गिअरच्या त्या सायकलीवर हा वेग राखायचा, तर पेडलाचे फेरे मिनिटाला केवळ अठरा-एकोणीस होतात. प्रत्येक फेऱ्यात सगळे वजन पेडलावर टाकून जिना चढावा तसे चढावे लागते, आणि गुडघे लवकरच तक्रार करू लागतात. पायांची गती सुखाची, म्हणजे पन्नाससुद्धा करावयाची झाल्यास वेग ताशी १६ किलोमीटर होईल आणि शक्ती ३०० वॅटच्या घरात लागेल. ती तासभर टिकविणे कसलेल्या शर्यतपटूलाच जमते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोरघाट चढताना आघाडीवर राहणाऱ्यास ‘घाटाचा राजा’ म्हणून गौरविले जाते, यात नवल नाही.

आता मागे ३४ आणि पुढे २२ दातांची चक्रे असलेली डोंगरी सायकल पाहू. तिच्या २६ इंची चाकाचा परीघ २.०७ मीटर आहे. पेडलाच्या एका फेऱ्यात ती जेमतेम १.३४ मीटर पुढे सरकते. त्याच ताशी ६ किलोमीटर वेगाला पेडलाचे फेरे मिनिटाला ७५ होतात. लागणारी शक्ती तीच राहते, पण ती अनेक लहान हिश्श्यांत विभागली जाते. गिअर माणसाला अधिक बळ देत नाही. आहे ते बळ तो सोयीच्या हप्त्यांनी खर्च करू देतो, एवढेच.

यावरून डोंगरी सायकल निवडताना सर्वप्रथम काय पाहावे, हे स्पष्ट होते. दुकानदार सामान्यतः गिअरांची संख्या सांगतो, आणि ‘एकवीस गिअरची सायकल’ ऐकून ग्राहक प्रभावित होतो. वस्तुतः या संख्येला फारसा अर्थ नाही. पुढे ४२, ३४ व २४ दातांची तीन चक्रे आणि मागे १४ पासून २८ दातांपर्यंतची सात चक्रे, अशी मांडणी स्वस्त सायकलींत सर्रास आढळते. तीन गुणिले सात म्हणून एकवीस. परंतु पुढच्या ४२ ला मागचा २४ जोडला काय, ३४ ला २० जोडला काय किंवा २४ ला १४ जोडला काय, सायकल दर फेऱ्यास साडेतीन मीटरांच्या आसपासच जाते. मोजताना तीन गिअर, पायांना मात्र एकच. शिवाय पुढचे मोठे चक्र व मागचे मोठे चक्र, किंवा पुढचे लहान व मागचे लहान, अशा जोड्यांत चेन फार तिरपी होते आणि लवकर झिजते. त्यामुळे अशा जोड्या वापरूच नयेत. उरतात ते खरोखरीचे वेगळे गिअर दहा-बाराच.

पाहावयाची गोष्ट म्हणजे सर्वांत हलका गिअर. पुढच्या सर्वांत लहान चक्राचे दात मोजून मागच्या सर्वांत मोठ्या चक्राच्या दातांनी भागावे. वरील एकवीस गिअरच्या सायकलीत हे उत्तर २४ भागिले २८, म्हणजे ०.८६ येते. तिच्यावर सिंहगड चढता येतो, परंतु पेडलाचे फेरे ५६ वर येतात. सह्याद्रीतील खडीच्या, सुट्या मातीच्या वाटांवर चढ याच्या दुप्पट असतो, आणि तेथे हा गिअर अपुरा पडतो. सामान घेऊन डोंगरात हिंडणाऱ्याने ०.७ किंवा त्याहून कमी गुणोत्तर शोधावे. दिल्लीत राहून रोज कोपर्निकस मार्गासारख्या रस्त्यानेच कामाला जाणाऱ्याला मात्र या गिअरचा काडीचाही उपयोग नाही. त्याने जाड टायरची जड डोंगरी सायकल घेणे म्हणजे गुळगुळीत रस्त्यावर उगीच ओझे वाहणे होय.

अलीकडच्या चांगल्या डोंगरी सायकलींत पुढची दोन-तीन चक्रे काढून टाकून एकच ठेवलेले असते आणि मागे दहापासून एक्कावन्न दातांपर्यंतची बारा चक्रे असतात. पुढे ३२ दात असल्यास सर्वांत हलके गुणोत्तर ०.६३ भरते. एकच खटका हाताळावा लागतो आणि खडबडीत वाटेवर चेन उतरण्याचा संभव कमी होतो. या सोयीची किंमत मोजावी लागते ती झीज झाल्यावर. बारा चक्रांची बारीक चेन आणि तिच्या जोडीचा चक्रसंच महाग असतो, आणि लहान गावातील दुकानात तो मिळेलच असे नाही. उलट सात किंवा आठ चक्रांची चेन कोठल्याही तालुक्याच्या गावी मिळते. जुनी सायकल घेणाऱ्याच्या दृष्टीने हा फरक लहान नाही.

डोंगरी सायकलीचा जन्मच मुळी जुन्या सायकलींतून झाला. १९७० नंतरच्या दशकात अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात, मरिन परगण्यातील टॅमलपायस पर्वताच्या परिसरात काही तरुण १९३० आणि १९४० च्या सुमाराच्या जाड टायरच्या जड सायकली स्वस्तात मिळवून मातीच्या उतारांवरून दौडत असत. १९७६ मध्ये त्यांनी एका उतारावर शर्यती सुरू केल्या. सुमारे साडेतीन किलोमीटरांत जवळजवळ ४०० मीटर उतार. त्या सायकलींचा ब्रेक मागच्या चाकाच्या हबमध्ये असे, आणि खाली पोहोचेपर्यंत तो इतका तापे की आतील ग्रीस जळून धूर निघे. दर खेपेनंतर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागे. इंग्रजीत यालाच ‘रिपॅक’ म्हणतात, आणि त्या उताराचे नावही तेच पडले. १९७७ मध्ये जो ब्रीझ याने केवळ या कामासाठी सांगाडा बनविला, आणि १९८१ मध्ये ‘स्टम्पजंपर’ ही मोठ्या प्रमाणावर तयार होणारी डोंगरी सायकल बाजारात आली.

ग्रीस जळण्याची ही कथा गमतीची वाटली, तरी तिच्यातील भौतिकशास्त्र सिंहगडालाही लागू पडते. ८५ किलो वजन ६०० मीटर खाली येताना जी ऊर्जा मोकळी होते, ती सुमारे दीड लिटर थंड पाणी उकळण्याइतकी असते. हवेचा अडथळा तिचा काही भाग शोषून घेतो, बाकीची ब्रेक आणि रिममध्ये उष्णता होऊन उतरते. म्हणून दुसऱ्याने वापरलेली सायकल डोंगरासाठी घेताना तपासणीचा आरंभ ब्रेकपासून करावा, रंगापासून नव्हे. रबर रिमवर घासणारे ब्रेक असतील, तर रिमच्या कडेवरून नख फिरवावे. कडा आत खोलगट झाली असेल, तर ती रिम झिजलेली आहे आणि उतारावर फुटू शकते. डिस्क ब्रेक असल्यास पॅडवर किती थर उरला आहे ते पाहावे, आणि तेलावर चालणाऱ्या ब्रेकची मूठ दाबताना ती स्पंजासारखी मऊ लागत असेल, तर आत हवा शिरली आहे असे समजावे.

त्यानंतर सांगाडा. पुढून धडक बसलेल्या सायकलीची खूण बहुधा हँडलच्या नळीच्या लगत, खालच्या दांड्याच्या तळाशी सापडते. तेथे बोट फिरवावे. रंगाला सुरकुती किंवा फुगवटा लागला, तर त्याखालील धातू वाकलेला असतो. प्रत्येक जोडाजवळ केसासारखी चीर आहे का, हे उजेडात पाहावे. पोलादी सांगाडा कुशल कारागीर सरळ करू शकतो आणि डागही देऊ शकतो. अ‍ॅल्युमिनियमच्या बाबतीत तसे करण्यात धोका असतो, आणि चीर गेलेला अ‍ॅल्युमिनियमचा सांगाडा कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नये. पुढचा ब्रेक दाबून सायकल मागेपुढे हलवल्यास हँडलच्या बेअरिंगचा खुळखुळाट कळतो. चाके उचलून फिरवावीत. रिम किंचित आउट असेल तर आरे ताणून ती सरळ करता येते, त्यासाठी सौदा मोडण्याचे कारण नाही. स्प्रिंगच्या चिमट्याच्या चकचकीत नळ्यांवर ओरखडे किंवा तेलाचे ओघळ दिसले, तर मात्र खर्च मोठा येतो.

चेनची परीक्षा घेण्यास बारा इंची फूटपट्टी पुरते. सायकलीच्या चेनचा एक सांधा अर्ध्या इंचाचा असतो. त्यामुळे नव्या चेनमधील कोणत्याही खिळ्याच्या मध्यावर पट्टीचे शून्य ठेवले, तर चोविसावा खिळा बरोबर बारा इंचांच्या खुणेवर येतो. वापराने खिळे झिजतात आणि चेन लांबल्यासारखी होते. तो खिळा खुणेच्या एक षोडशांश इंच पुढे गेला असेल, तर चेन बदलावी लागेल. एक अष्टमांश इंच पुढे गेला असेल, तर चेनने मागच्या चक्रांचे दातही खाल्लेले असतात, आणि नवी चेन त्या झिजलेल्या दातांवरून जोर लावताच सटकू लागते. म्हणजे चेन, मागची चक्रे आणि बहुधा पुढचे एखादे चक्र, असा सगळा खर्च विक्रेत्याने सांगितलेल्या किंमतीत मिळवूनच सौदा तोलावा. बारा गिअरची सायकल अशा वेळी नव्या साध्या सायकलीहून महाग पडू शकते.

उभ्या सायकलीचे गिअर हाताने फिरवून पाहणे पुरेसे नसते, कारण चेन सटकते ती ताणाखाली. दिल्लीसारख्या सपाट शहरात उड्डाणपुलाच्या चढावर फेरी मारून पाहावी. तेही जवळ नसेल, तर मागचा ब्रेक हलकेच दाबून पेडल मारावे. चेनवर चढासारखाच ताण येतो.

सर्वांत मोठी फसवणूक मात्र यांपैकी कशातच नसते. सायकल चोरीची असू शकते. मोटारीप्रमाणे सायकलीची परिवहन कार्यालयात नोंदणी होत नाही, आणि पूर्वी अनेक नगरपालिका कर घेऊन जो बिल्ला देत, तोही इतिहासजमा झाला आहे. उरतो तो सांगाड्यावरील क्रमांक. तो बहुधा पेडलांच्या आसाखाली ठोकलेला असतो. सायकल उलटी करून तो वाचावा आणि मूळ पावतीवरील क्रमांकाशी ताडून पाहावा. क्रमांक कानशीने घासलेला किंवा त्यावर ताजा रंग दिलेला असेल, तर पुढील बोलणे तेथेच थांबवावे. वस्तू विक्री अधिनियम, १९३० च्या कलम २७ नुसार, काही अपवाद वगळता, जो स्वतः मालक नाही त्याच्याकडून घेणाऱ्याला मालकी मिळत नाही. मूळ मालक पुढे आला, तर सायकलही जाते आणि पैसेही अडकतात. माल चोरीचा आहे हे ठाऊक असताना, किंवा तसे मानण्यास कारण असताना तो अप्रामाणिकपणे घेणे हा तर गुन्हाच आहे. पूर्वी तो भारतीय दंड संहितेच्या कलम ४११ खाली येई. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत तो कलम ३१७ मध्ये आहे, आणि त्याला तीन वर्षांपर्यंत कारावास होऊ शकतो.

मूळ पावती हरवली असे सांगणारा प्रत्येक विक्रेता लबाड नसतो. दहा वर्षांपूर्वीची पावती फार थोड्या घरांत सापडते. अशा वेळी विक्रेत्याच्या घरी जाऊन सौदा करावा, त्याचे ओळखपत्र पाहावे आणि एका कागदावर दोघांची नावे व पत्ते, तारीख, रक्कम, सायकलीचा रंग आणि सांगाड्याचा क्रमांक लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. प्रामाणिक माणूस याला सहसा हरकत घेत नाही. कागदाची एक प्रत विक्रेत्याजवळ राहू द्यावी, कारण तीच सायकल पुढे कोणाकडून चोरीला गेली, तर ती आपण केव्हा आणि कोणाला विकली हे दाखविण्याची वेळ त्याच्यावरही येऊ शकते.