चिऊनं दार कधी उघडावं?

लहान मुलांना लोककथा सांगताना काय बदलावं आणि काय तसंच ठेवावं, हा प्रश्न आईबाबा विचारतात, बालवाडीच्या ताई विचारतात. आज त्यावर बोलू. उदाहरण म्हणून एकच गोष्ट घेते, चिऊ-काऊची. ती तुम्हाला येतेच, म्हणजे मला फार सांगत बसायला नको.

तरी एकदा उजळणी. कावळ्यानं शेणाचं घर बांधलंय, चिमणीनं मेणाचं. धो धो पाऊस येतो आणि कावळ्याचं घर वाहून जातं. तो भिजत चिमणीच्या दाराशी येतो, दार उघड म्हणतो. ती आतून सांगते, थांब, बाळाला न्हाऊ घालतेय. मग अंग पुसायचं असतं, मग तीट लावायची असते, मग झोपवायचं असतं. दार काही लवकर उघडत नाही.

आता गंमत ऐका. ही गोष्ट किती जुनी असेल? १३ व्या शतकातल्या ‘लीळाचरित्रा’त ती आहे. म्हाइंभटांनी चक्रधरस्वामींच्या लीळा ज्यात गोळा केल्या, तोच हा ग्रंथ. फक्त तिथे चिमणी नाही, साळई आहे, म्हणजे आपली साळुंकी. सातशेहून जास्त वर्षांत पक्षी बदलला, भाषा तर पारच बदलली. पण शेण, मेण आणि पाऊस जागच्या जागी राहिले. म्हणजे लोककथा बदलतच आली आहे. तुम्ही थोडी बदललीत तर काही पाप नाही लागणार! फक्त तिचा कणा कुठला आणि कपडे कुठले, ते ओळखता यायला हवं.

माझ्या मते या गोष्टीचा कणा आहे ते बंद दार. एकजण बाहेर भिजतोय, एकजण आत कोरडी आहे. आणि आतलीची कामंही खोटी नाहीत बरं का! न्हाणं, पुसणं, तीट, झोप, हा तर ऐकणाऱ्या मुलाचा स्वतःचाच दिवस आहे. म्हणून तीन-चार वर्षांचं मूल या भागात रंगतं. पुढचं काम काय, हे ते तुमच्या आधी सांगतं. ही पुनरुक्ती कंटाळवाणी वाटून कापू नका. मोठ्यांना ती अडचण वाटते, पण मुलाला तिथेच गोष्ट आपली वाटायला लागते.

शेवटाचं मात्र घरोघरी वेगळं. कुठे कावळा आत येतो आणि रात्री गुपचूप चिमणीचा खाऊ फस्त करतो. कुठे त्याला चुलीपाशी बसायला सांगतात आणि तो भाजतो. कुठे दोघं शहाण्यासारखी राहतात. यातला एकच खरा आणि बाकीचे खोटे, असं नाही. चार वर्षांच्या मुलाला चटका नको वाटला तर दुसरा शेवट घ्या. सात-आठ वर्षांच्या मुलांना मी दोन शेवट सांगते आणि भांडू देते.

मला खटकतं ते वेगळंच. हल्ली ही गोष्ट सांगताना हमखास जोडलं जातं, की कावळा आळशी होता, म्हणून त्याचं घर पडलं. आणि मग खाली ‘तात्पर्य’. हे तात्पर्य आलं कुठून? पंचतंत्रात नीतीची वचनं आहेतच, कारण तो ग्रंथच राजपुत्रांना शहाणं करण्यासाठी रचलेला. विष्णुशर्मा गोष्टीत गोष्ट गुंफत राजकारण शिकवतो. इसापाच्या गोष्टींनाही शेवटी बोध लावायची पद्धत आहे. १९ व्या शतकात तंजावरला सरफोजी राजांच्या छापखान्यात त्या मराठीत छापल्या गेल्या, पुढे शाळेच्या पुस्तकांतही आल्या. गोष्ट आणि खाली तात्पर्य, हा साचा आपल्या हाताला बसला. तो तिथे शोभतो. पण चिऊ-काऊची गोष्ट आजीनं जेवू घालताना सांगायची. तिला तात्पर्याची शेपटी नव्हती.

आणि या शेपटीनं नुकसान होतं. शहरातलं मूल ‘शेण’ म्हटलं की नाक मुरडतं. पण शेण-मातीनं लिंपलेल्या कुडाच्या भिंती आपल्याकडे कितीतरी घरांना होत्या, काही ठिकाणी आजही आहेत. शेणाचं घर म्हणजे घाणेरडं घर नव्हे, पावसात टिकायला अवघड असलेलं घर. पूर्वी गोष्ट ऐकणाऱ्या बऱ्याच पोरांचं घर कावळ्याच्याच बाजूचं होतं! आता विचार करा, तुमच्या वर्गात एखादं मूल तसल्याच घरातून येतं, किंवा पत्र्याच्या गळक्या खोलीतून येतं. त्याला तुम्ही सांगताय, की ज्याचं घर वाहून गेलं तो आळशी. ते मूल काही बोलणार नाही. पण त्यानं ऐकलेलं असतं.

म्हणून मी ‘आळशी’ हा शब्द घेत नाही. शेण का वाहतं, एवढंच सांगते. मेणाचं घर पक्कं असंही म्हणत नाही, कारण एखादं चुणचुणीत पोर विचारतंच, “मग उन्हाळ्यात वितळणार नाही का?” फार छान प्रश्न आहे! उत्तर देऊन टाकू नका. उन्हाळ्यात चिऊ कोणाच्या दाराशी जाईल, ते मुलांनाच विचारा.

घरी सांगताना एक करून बघा. चिऊची तीन कामं झाली की थांबा आणि विचारा, “आता उघडूया का दार?” काही मुलं लगेच हो म्हणतील. काही म्हणतील, आधी बाळाला झोपू दे, गारठा लागेल. एखादं म्हणेल, कावळा खाऊ खातो, नको. तिन्ही उत्तरांत विचार आहे. कुठलंच खोडू नका. बाहेर कुणी भिजत असताना आपलं काम किती वेळ चालू ठेवायचं, हे मूल स्वतः ठरवतंय. तात्पर्य वाचून ते कधी ठरत नाही.

तर आज रात्री हीच गोष्ट सांगा, आणि तुमच्या चिमणीनं दार कितव्या कामानंतर उघडलं ते मला कळवा. पुढच्या भागात म्हातारी आणि तिचा भोपळा. भेटूच!